मुजम्मिलची धावपट्टी

मुजम्मिलच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याने जाणार नाही, वाढत मात्र जाईल; गाडी चालवणं बंद. वय बेचाळीस. एकवीस वर्षं त्याने चिखली-बुलढाणा जीप चालवली. आता चार महिने ती दारात उभी आहे. शाळेत मी त्याला भूगोल शिकवला आणि राहतेही शेजारीच, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक.

त्याने कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणला, त्याला जॉयस्टिकची दांडी जोडली आणि लढाऊ विमान उडवायचा खेळ सुरू केला. लढाईशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं; तोफ कुठल्या बटणावर आहे हेही माहीत नव्हतं. विमान परत आणून उतरवायचं, एवढंच.

"एकदा उतरलं ना मॅडम, तं नजर कामाची आहे समजा. मंग मी जीप काढतोच."

हा काय तपासणीचा प्रकार झाला? पण ज्याने डॉक्टरांचं ऐकलं नाही, तो माझं काय ऐकणार! पडद्यावरचे बारीक आकडे त्याला वाचता येईनात, म्हणून मी रोज दुपारी जाऊन बसू लागले.

उतरताना थेट धावपट्टीकडे जायचं नसतं. पट्टीच्या अठरा किलोमीटर अलीकडे, सहाशे मीटर उंचीवर, हवेत एक बिंदू ठरलेला असतो. आधी तिथे पोचायचं, विमानाचं नाक पट्टीच्या रेषेत आणायचं, मग सरळ खाली. मुजम्मिल बिंदूच्या जवळ यायचा आणि बाजूला पट्टी दिसली रे दिसली की तिकडेच वळायचा. मग उंची जास्त, वेग जास्त, आणि विमान पट्टी ओलांडून शेतात.

"अरे, हात दाखवला की ब्रेक मारायची सवय सोड! पट्टी म्हणजे काय सवारी आहे?"

"पण तिथं तं काहीच नाही, मॅडम. रिकाम्या जागी काऊन जाऊ?"

"मी सांगते म्हणून!"

अकरा दिवस हेच. बाराव्या दिवशी मी बजावलं, आज वळलास तर उद्यापासून येणार नाही. तो वळला नाही. उंची सहाशे, दिशा बरोबर, वेग बरोबर. धावपट्टी पडद्याच्या मधोमध आली. मला टाळी वाजवावीशी वाटली.

"रनवे कुठं गेला?" मुजम्मिल म्हणाला.

"कुठं म्हणजे? समोर तर आहे!"

त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. तेव्हा मला कळलं. सवयीचा काही संबंधच नव्हता. पट्टी कडेला असेतोवरच त्याला दिसायची. रेषेत आली की डागात जायची. आणि मी मूर्खासारखी इतके दिवस त्याला रागावत होते.

"जरा डावीकडे घे," मी घाईने म्हटलं. "मी सांगते तसं कर, उतरेल."

"मंग ते तुमीच उतरवलं, मॅडम. जीपमधी रोज बाजूले बसता का?" त्याने दांडी सोडून दिली. विमान आदळलं, पडदाभर धूर झाला.

त्याची बायको राबिया चहा घेऊन आली. "उतरलं का?"

"हाव, उतरलं," मुजम्मिल म्हणाला. "उद्या जीप धुऊन काढतो."

राबियाने माझ्याकडे पाहिलं. लोकांची मनं राखत बसायचा माझा स्वभाव नाही.

"आदळलं," मी म्हटलं. "त्याला समोरचं दिसत नाही, राबिया. किल्ली तुझ्याजवळ ठेव."

माझा चेहरा दिसावा म्हणून त्याने मान तिरकी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आता आकडे कायले वाचता, मॅडम," तो म्हणाला.

मी घरी आले.