रडायचं तर पाय दाबून

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते मोटारीच्या ब्रेकमधली हवा काढायचं. दुसरं महायुद्ध संपून गेलं होतं. नगरात आमची एक जुनी मोटार भाड्यानं चालायची. तिचा ब्रेक तेलावरचा. तेल काळं पडलेलं, नळीत हवा शिरलेली, दाबला की पाय सरळ खाली. दुसऱ्या दिवशी भाडं घेऊन इमामपूरचा घाट उतरायचा होता. घाटात असला ब्रेक म्हणजे मरणच.

मी चाकापाशी आडवा, ती वर ड्रायव्हरच्या खुर्चीवर, नऊवारी आवरून. पाय ठेवायच्या आधी तिनं ब्रेकला हात लावून नमस्कार केला.

"अगं, देव न्हाई तो."

"पोट भरतो ना?"

"पोट मी भरतो. मला कवा केला न्हाईस."

"तुमी कवा थांबता वेळेवर?"

तिनं ब्रेक दाबून धरायचा, मी पान्यानं चाकामागचा स्क्रू ढिला करायचा. मळकं तेल आणि बुडबुडे रबरी नळीतून बाटलीत उतरायचे. मी स्क्रू आवळेपर्यंत तिनं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत. मधूनमधून नवं तेल ओतायचं.

"कसं लागतंय?"

"मळलेल्या पिठावानी."

आणखी बऱ्याचदा दाबल्यावर परत विचारलं.

"आता तुमच्या स्वभावावानी. पर आजून जरा आत जातंय."

तीन चाकं झाली. दिवस मावळला. चौथं सकाळी करू म्हणाली, भाकरी टाकायच्या होत्या.

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. दुपारी तिला पोचवून आलो.

तिसऱ्या दिवशी अस्थी प्रवरासंगमाला न्यायच्या. वाटेत तोच घाट. लोक म्हणाले, दुसऱ्याची मोटार घेऊ. मी म्हणालो, ती आपल्याच मोटारीतून जाईल.

म्हणून आदल्या दिवशी सकाळी तिच्या भावाला खुर्चीवर बसवलं आणि चौथ्या चाकाखाली शिरलो. गडी अंगानं पैलवान, पण बहिणीच्या आठवणीनं हुंदका आला की पाय उचलायचा. दोनदा हवा आत गेली.

"दाजी, तुमाला काईच कसं वाटत न्हाई वो?"

"रडायचं तेवढं रड," मी खालून म्हणालो, "पर पाय दाबून रड."

त्यानं दाबून धरला. मी स्क्रू ढिला केला.