मूळ स्पीकर

भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झाले, तेव्हा आता ते घरात स्वस्थ बसतील अशी त्यांच्या बायकोला भाबडी आशा होती. पण उभा जन्म यंत्रांची घरघर ऐकलेल्या माणसाला मुकं यंत्र दिसलं की चैन पडत नाही. भाऊ जुने, व्हॉल्व्हचे रेडिओ गोळा करू लागले. जेवणाचं टेबल आधी अर्धं गेलं, मग सगळंच गेलं. बायको त्यांना भंगारपती म्हणायची, आणि पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची.

या उद्योगात भाऊंचे दोन नियम होते आणि त्यांचा त्यांना भारी तोरा होता. चालू रेडिओतला भाग काढून दुसऱ्यात घालायचा नाही, हा एक. आणि जो भाग बसवायचा तो मूळ कंपनीचा, मूळ नमुन्याचाच. मग त्यासाठी कितीही वणवण करावी लागो. "स्वतःच्या तोंडात कवळी चालते यांना," बायको म्हणायची, "पण रेडिओला परकं बटण चालत नाही."

ताई त्यांची थोरली बहीण. आधी नवरा गेला, मग डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा ती भाऊंकडे राहायला आली. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. दिवसभर ती मागच्या खोलीत खिडकीशी बसून असे. हातात काठी घ्यायला तयार नाही, उंबरठ्याबाहेर पडायला तर मुळीच नाही. जेवायला हाक मारली की भाऊंच्या दंडाला धरून यायची, चार घास खायची, पुन्हा खिडकीशी. काही विचारलं तर म्हणायची, "बरं." बहीण डोळ्यांदेखत विझत चालली आहे, हे त्यांना दिसत होतं आणि त्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता.

एकदा शेंगा सोलताना ती आपण होऊन भावजयीला म्हणाली, "बाबांचा रेडिओ असता तर संध्याकाळ बरी गेली असती."

रेडिओ होता. माळ्यावर, चादरीत गुंडाळलेला. बिघडवून ठेवू या भीतीने भाऊंनी त्याला आजवर हात लावला नव्हता. त्याच दिवशी त्यांनी तो खाली काढला आणि मागचं झाकण उघडलं. एक व्हॉल्व्ह गेलेला, कंडेन्सरमधलं मेण ओघळलेलं, काटा फिरवणारी दोरी तुटलेली. याची त्यांना धास्ती नव्हती. पण स्पीकर पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. झाकणाच्या आत चिकटवलेल्या नकाशात मोठा लंबगोल स्पीकर दाखवला होता. आणि जागेवर होता बशीएवढा, कुठल्या तरी भोंग्यातून काढलेला, खोक्याच्या फळीवर स्क्रूंनी आवळलेला. चांगला शाबूत होता, पण परका होता.

"हे कुणी केलं असेल?" भाऊ स्वतःशीच पुटपुटले, आणि कामाला लागले.

व्हॉल्व्ह जुन्या बाजारात मिळाला, एका बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरच्या पोटात. काट्याची दोरी मिळेना, तेव्हा मासे पकडायचा गळ विकणाऱ्याकडून बारीक पीळदार दोरा आणला. इथे नियमाला जराशी मुरड पडली, पण दोरी काही बाहेरून दिसत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. स्पीकरने मात्र नाकी नऊ आणले. विचारत विचारत शेवटी ते निवृत्त चित्रकला मास्तरांच्या दारात पोचले. मास्तरांनाही हाच नाद. त्यांच्याकडे नेमका तो लंबगोल स्पीकर होता.

"देतो, पण बदल्यात काहीतरी चालतं द्या," मास्तर म्हणाले.

भाऊंनी फळीसकट तो छोटा स्पीकर त्यांच्या हातावर ठेवला. पीडा गेली असंच त्यांना वाटलं.

रेडिओ लागला तेव्हा आवाज असा स्वच्छ आला की बायकोसुद्धा पदराला हात पुसत बाहेर आली. भाऊंनी ताईला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं, तिचा हात रेडिओवर ठेवला. बातम्या चालू होत्या. ताईने शांतपणे ऐकल्या.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचा आहे हा?"

भाऊंना तोंडात मारल्यासारखं झालं. "अगं, बाबांचा. आपला."

"नाही रे. आपल्या रेडिओत माणसं नाकात बोलायची. मूळचा स्पीकर फाटला, तेव्हा बाबांनी कारखान्यातला एक टाकाऊ भोंगा आणून बसवला. मी बॅटरी धरून उभी होते. तू पाळण्यात होतास. आणि मोठा झाल्यावरही तू त्याला मागूनच बघायचास, ऐकला कधी होतास?" एवढं बोलून ती उठली. "राहू दे. बरं आहे हेही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ मास्तरांकडे गेले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. तो स्पीकर त्यांनी मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या रेडिओत बसवला होता. भाऊ तिकडे गेले. दुकानात दोन मशिनी, कापडाच्या चिंध्यांचा ढीग, आणि फळीवर रेडिओ. कुणीतरी नाकात बोलत होतं.

शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "न्या काढून," त्या म्हणाल्या. "बहिणीसाठी आहे म्हणता, तर मी कशाला अडवू?"

भाऊंनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, पुन्हा खिशात ठेवला, आणि उद्या येतो म्हणून घरी आले. चालू रेडिओला हात न लावण्याचा, इतके दिवस मिरवलेला नियम मोडायचा की बहिणीचं मन, याचा त्यांना निवाडा करता येईना. त्यांनी तो ताईवरच सोपवला.

"चालतं दुकान मुकं करतोस?" ताई म्हणाली. मग तिने विचारलं, "किती लांब आहे?"

"दोन गल्ल्या."

"माझ्या चपला काढून ठेव दाराशी."

संध्याकाळी ती भाऊंचा दंड धरून निघाली. गटाराच्या फरशीवर एकदा अडखळली आणि त्याबद्दल भाऊंनाच बोलली. शिंपीणबाईंनी स्टूल पुढे केलं. रेडिओवर बातम्या लागल्या आणि ताईने मान तिरकी केली. काही वेळाने तिचे ओठ हलू लागले. मापं द्यायला आलेला एक माणूस बातमीवर काहीबाही बोलला, आणि ताई त्याच्यावर अशी तुटून पडली की मशीन थांबली. तो हटेना, ही हटेना. शिंपीणबाई तिची बाजू घेऊन मध्ये पडल्या, तर तिने त्यांनाही गप्प केलं. भाऊ दाराशी अवघडून उभे होते.

"तू कशाला ताटकळतोयस?" ताई त्यांच्या दिशेने म्हणाली. "जा घरी. दुकान बंद व्हायच्या वेळी ये."

भाऊ एकटेच परत आले. बायको घाबरून दारात आली. "अहो, वन्सं कुठे आहेत?"

"भांडतेय," भाऊ म्हणाले, आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडू लागले.