‘व’चा ‘म’

तुमच्या गल्लीतला पोरगा मॅनहोलमध्ये गुदमरून मेला, तर तुम्ही ‘वारला’ लिहिता की ‘मारला’?

गंगाधरकाकांना या एका अक्षराची तडजोड चालत नसे. रेल्वेतून निवृत्त झालेले काका तारनाक्याला आमच्या शेजारी राहायचे आणि पत्रकं लिहायचे. माझी शाळा तेलुगू. मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. पुढे मीही लिहू लागले. ‘अन्याय झाला’ असं लिहिलं की काका लाल पेन उचलायचे. “झाला? पाऊस आहे का तो? केला कोणी, ते लिही गे!”

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, राजूला, ठेकेदारानं गटार साफ करायला दोर नाही, मास्क नाही, तसंच मॅनहोलमध्ये उतरवलं. राजू जिवंत वर आला नाही. भेटायला आलेलं कोणी म्हणालं, “विषारी वायू, कोण काय करणार?”

“वायूला जात कळत नाही,” काका म्हणाले. “ठेकेदाराला कळते. त्याच्या घरचं कोणी उतरलंय का कधी आत?”

आठवड्यानं त्यांनी मला पत्रक सांगितलं. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. वर ठळक ओळ, ‘माझा राजू मारला’. खाली फक्त ठेकेदाराचं नाव. “बस्स. बाकीचं लोक विचारतील.”

अफझलगंजच्या छापखान्यात प्रूफ मी एकटीनं पाहिलं. माझा भाऊ त्याच ठेकेदाराकडे कामाला होता. मी ‘म’चा ‘व’ केला.

छापणारा म्हणाला, “एकिच अक्षर है ना अम्मा, अब्बी कर देतूं.”

काका चार दिवस बेगम बाजारात पत्रकं वाटत हिंडले. “वाचा, कोणी मारला ते लिहिलंय.” पाचव्या दिवशी मिरची विकणाऱ्या शांताबाईंनी मोठ्यानं वाचलं, “‘माझा राजू वारला’. आणि खाली ठेकेदाराचं नाव? काय वो गंगाधरराव, श्रद्धांजली त्यानंच छापली का?”

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

“भावासाठी?”

“हौ काका.”

“उद्या तो आत उतरला, तर काय छापशील?”

मी वरचं पत्रक उचललं. ते म्हणाले, “पेन दे. त्या अक्षरावर बोट ठेव.”

मी बोट ठेवत गेले. ते चाचपून ‘व’ खोडत, वर ‘म’ लिहीत. काही ‘म’ माझ्या नखावरच उमटले. चाळीसेक झाले असतील, मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “बाकीची तू कर.”

महिन्याभरात काका वारले. त्यांना कोणी मारलं नाही, असं मला अजून लिहिता येत नाही.

घरातला गठ्ठा मी दुरुस्त केला. भाऊ अजून त्याच कामावर आहे. पण चार दिवस वाटलेली पत्रकं बाहेरच आहेत. बेगम बाजारात एखादी पुडी उघडलीत आणि कागदावर ‘माझा राजू वारला’ दिसलं, तर तो चुरगाळू नका. पेन काढा. ‘व’ खोडा, वर ‘म’ लिहा, आणि शेजारी उभा असेल त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.