धरणगावला नेलेली शँपेन

मी जळगावच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा लोक मला दारूबद्दल सल्ला विचारत असत. आज हे कुणाला सांगितलं तर हसू येतं. पण त्या काळी डॉक्टर बाळंतिणीला पोर्ट लिहून द्यायचे, म्हाताऱ्याची भूक मेली की शेरी, आणि उलट्या कशानेच थांबेनात तर क्वचित शँपेन. डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे व्हायचे. घरची माणसं ती चिठ्ठी घेऊन व्हरांड्यात माझ्याभोवती उभी राहायची. "बाई, कोणती आणू? गोड का कडू? पाण्यात द्यायची का नुसती?"

मी सांगायचे. पोर्ट दाट लाल असेल ती आणा, जेवणानंतर दोन चमचे कोमट पाण्यातून द्या. शेरी फिकी आणा, गोड आणलीत तर म्हातारा जेवणाऐवजी तीच मागेल. क्लॅरेट, ती तुरट लाल दारू, मात्र मी कुणाला घ्या म्हणत नसे, कारण एक घोट घेतला की आपल्याकडच्या बायका तोंड वाकडं करून बाटली मोरीत ओतायच्या. हे सगळं मी इतक्या खात्रीने बोलत असे, आणि स्वतः एक थेंबही कधी चाखला नव्हता. लहानपणी विधवा झालेली, भावाने हट्टाने पुण्याला पाठवून नर्स केलेली मी. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद.

माझं ज्ञान सगळं स्टेशनजवळच्या पारशी दुकानदाराकडून आलेलं. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेचे साहेब आणि दोन-चार वकील. माणूस वयस्कर, काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आपल्याकडे आंब्याच्या मोसमात जाणते लोक जसे आंब्याबद्दल बोलतात तसा तो बाटल्यांबद्दल बोलायचा. कुठली कशी पिकली, कुठली नुसती दिसायला बरी, कुठली आपल्या उन्हाळ्यात नासते. एकदा मी त्याला विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला कोणती आवडते? तो म्हणाला, "शँपेन, बाय. पण कोरडी. गोडवाली पोरी-बाळींसाटी. नवरोजला एक पेला, बस. मग पुरा साल तिचा विचार करायचा."

मिठाच्या सत्याग्रहाच्या उन्हाळ्यात या दुकानावर निरोधन, म्हणजे दारात बसून गिऱ्हाइकांना अडवणं, सुरू झालं. ताडीच्या आणि देशी दारूच्या दुकानांपुढे आधीच बायका बसू लागल्या होत्या, आता विलायती दुकानाची पाळी आली. तिथे बसणाऱ्या बायकांच्या पुढारी होत्या माझ्या वहिनी.

वहिनी माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी विधवा होऊन परत आले तेव्हा माझे केस काढायला त्यांनी साफ नकार दिला होता. सासूसमोर, म्हणजे माझ्या आईसमोर, त्या तेवढ्या एकदाच मोठ्याने बोलल्या असतील. त्या उन्हाळ्यात त्यांनी जाडीभरडी खादी नेसायला घेतली आणि मलाही दोन लुगडी आणून दिली. बायकांच्या सभेत विलायती कापडाला आणि दारूला हात लावणार नाही म्हणून सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा मीही केला. पण पुरता वर जाईना. पिशवीत एका बाळंतिणीसाठी घेतलेली पोर्टची बाटली होती. औषधाचं काय, हे कुणी विचारलं नाही, आणि मी उठून विचारायला धजले नाही. तेव्हापासून दवाखान्यात कुणी चिठ्ठी घेऊन आलं की मी म्हणायचे, खजुराचं पाणी द्या, मनुका द्या, आठ दिवस बघा.

मग मे महिन्यात धरणगावची ती मुलगी आली.

मुलगीच ती, सतरा-अठराची. घर शेतकऱ्याचं, कपाशीचं बरं पीक घेणारं. तिला तिसरा महिना लागला होता आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी मला तिच्या घरी राहायला पाठवलं. लिंबू झालं, बर्फ झाला, साळीच्या लाह्यांचं पाणी झालं. खालून मिठाचं पाणी चढवून पाहिलं, तेही राहिना. चौथ्या दिवशी तिची जीभ लाकडासारखी कोरडी झाली, डोळे आत गेले, आणि नाडी माझ्या बोटाखाली इतकी पळायला लागली की मला ती मोजवेना. डॉक्टरांनी पहिल्या गाडीने येऊन तिला बघितलं. ओसरीवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शँपेन बर्फात गार करून चमच्या-चमच्याने देऊन बघू. उद्यापर्यंत काहीच राहिलं नाही तर मूल काढावं लागेल. आणि तेही ती सोसेल असं मला वाटत नाही."

मी त्यांच्याबरोबरच जळगावला आले. गाडीत सारखं एकच डोक्यात. आज सोमवार, आज वहिनींची पाळी असणार.

दुकानापुढे सहा-सात बायका तरटावर बसल्या होत्या. ऊन असं की पायाखालची फरशी चपलेतून चटका देत होती. बघ्यांची गर्दी समोरच्या सावलीत. मला बघून वहिनी उठल्या. घरी त्या माझ्या हातातली पिशवी घ्यायला उठायच्या तशाच उठल्या, आणि मग त्यांनी हात जोडले.

"वन्सं, आत जाऊ नका."

"वहिनी, औषधाला हवी आहे. ही चिठ्ठी."

त्यांनी चिठ्ठी वाचली. शेजारची एक बाई म्हणाली, "चिठ्ठ्या रोज येतात. काल तर एक धडधाकट माणूस आला, म्हणे हृदयाचं दुखणं. आपल्या घरच्यांना सोडायचं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवायचं?"

वहिनींनी मला हळूच विचारलं, "दुसरं काहीच नाही का?"

"चार दिवस पाण्याचा थेंब पोटात राहिलेला नाही. पोरगी मरेल हो वहिनी."

वहिनींचा चेहरा लाल झाला होता, उन्हाने की कशाने कोण जाणे. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आता बघू, घरची सून काय करते ते!" वहिनी वळल्या आणि दुकानाच्या उंबऱ्यावर आडव्या झाल्या. चिठ्ठी तशीच त्यांच्या मुठीत. इतर बायकाही त्यांच्यालगत पडल्या. दार असं अख्खं भरून गेलं.

मी कितीतरी वेळ तिथे उभी होते असं मला वाटतं. प्रत्यक्षात क्षणभरच असेन. परत जावं, डॉक्टरांना सांगावं की मिळाली नाही, हाही विचार मनात आला. तो आला होता हे मी लपवत नाही. मग मी वाकून वहिनींच्या पायांना हात लावला, लुगडं वर सावरलं आणि त्यांच्या अंगावरून पाय टाकून आत गेले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मागून "धिक्कार, धिक्कार" असा गलका उठला. तो मला उद्देशून होता.

आत दुकानदार अंधारात बसला होता. आठ दिवसांत एक बाटली विकली गेली नव्हती. मी शँपेन म्हटलं तर तो आधी खिडकीकडे बघायला लागला.

"कोणासाटी, बाय?"

मी सांगितलं. तो ताडकन उठला. फळीवरच्या दोन मोठ्या बाटल्या त्याने हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. "ही गोड हाय. साहेब लोकच्या मडमा पितात. रिकाम्या पोटात साखर गेली तर अजून ओकेल. ही जुनी, हिच्यातला वारा गेला." मग तळघरात जाऊन त्याने धूळ बसलेल्या दोन लहान बाटल्या आणल्या. "ही कोरडी. मी स्वतः घेतो ती. एक ने, एक तुझ्यासाटी ठेवतो. मोठी उघडली तर दुसऱ्या दिवशी पाणी होते, म्हणून लहानच बरी." बूच कसं काढायचं ते त्याने मला बाटली न उघडता तीनदा करून दाखवलं. तार सोड, फडकं धर, बूच घट्ट आणि बाटली फिरव. "आणि हलवू नको. या उन्हात हलवली तर हातात फुटेल."

त्याने मला मागच्या दाराने बाहेर काढलं. मी नको म्हणाले नाही.

सोडावाटरच्या दुकानातून बर्फाची लादी घेतली, भुशासकट बादलीत घातली, त्यात बाटली आणि वर ओलं गोणपाट. सुरतेकडच्या गाडीत बायकांच्या डब्यात मी ती बादली दोन पायांमध्ये धरून बसले. डबा भट्टीसारखा तापलेला. रुळांच्या प्रत्येक सांध्यावर बादली हादरायची आणि मी हाताने गोणपाट दाबून धरायचे. शेजारच्या बाईने विचारलं, "काय शे त्यामा?" मी म्हटलं, औषध. माझ्या अंगावरच्या खादीकडे बघून तिने कौतुकाने आणखी काही विचारलं, तेव्हा मी पदर बादलीवर ओढून घेतला. धरणगाव येईपर्यंत बर्फ मुठीएवढा उरला होता.

घरी पोचले तर मुलीची सासू दारातच उभी. मी काय आणणार ते डॉक्टरांनी निघतानाच सासऱ्यांना सांगितलं होतं, सासऱ्यांनी तिला. ती म्हणाली, "नर्सबाई, पोरगी वाचाले पाहिजे. पन मना घरना भांडाले ते लावू नका." मी माझा काचेचा पेला आणि चमचा काढला. तिने मान हलवली आणि तिथेच बसली. तिच्यासमोर मी तार सोडली. घाई झाली होती. फिरवायची बाटली मी फिरवलीच नाही, बूचच ओढलं, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन ते आढ्याला लागलं. सासू किंचाळली. निम्मा फेस माझ्या लुगड्यावर आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेला. ती जमीन ओली होताना मला वहिनींचे मिटलेले डोळे दिसले आणि रडू कोसळलं. पण रडायला सवड नव्हती. उरलेली पेल्यात घेतली, बर्फाचा चुरा घातला आणि पहिला चमचा तिच्या ओठांना लावला.

तो उलटला. दुसराही. मी पाव तास थांबले आणि अर्धा चमचा दिला. घड्याळ माझ्या मांडीवर. तिचा घसा हलला की मी काट्याकडे बघायचे. पाच मिनिटं. सात. ओकारी आली नाही. पुन्हा अर्धा. सासू पदराने वारा घालत होती आणि पुटपुटत होती. ऊन माजघरातून ओसरीवर सरकलं तेव्हा मुलीच्या पोटात सहा चमचे राहिले होते. सातव्याला तिने डोळे उघडले.

"हाई काय शे वं माय?" ती म्हणाली. "नाकमा झनझन करस."

सासू हसली आणि लगेच रडली.

दिवे लागायच्या वेळेला मुलीने भाताची पेज मागितली. मी दोन चमचेच दिली, आणि ती पोटात राहिली. नाडी अजून पळतच होती, पण मला ती मोजता येत होती.

दोन दिवसांनी दुसरी बाटली आणायला मी जळगावला गेले. आदल्या रात्री मला झोप नव्हती. दुकानापुढे बायका होत्या, वहिनी नव्हत्या. त्या दिवशी उंबऱ्यावर कुणी आडवं झालं नाही. एकीने हात जोडले, मी नवी चिठ्ठी दाखवली, तिने मान फिरवली. मी विचारलं, "वहिनी कुठे आहेत?" ती म्हणाली, "त्यांनी आपली पाळी बदलून घेतली. ताडीच्या दुकानाकडे जातात आता." कारण तिला माहीत नव्हतं. घरी वहिनींनी मला जेवायला वाढलं. भाकरीवर नेहमीसारखं जास्तीचं लोणी ठेवलं. चमचे, बाटली, उंबरा यांतलं काही निघालं नाही. फक्त ताटं उचलताना त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, "पेज घेते." त्या "बरं" म्हणाल्या.

पावसाळ्यात वहिनींना अटक झाली. तीन महिने येरवड्याला काढून आल्या तेव्हा अंगात रक्त उरलं नव्हतं. डॉक्टरांनी पोर्ट लिहून दिली. त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "वन्सं, खजुराचं पाणी द्या." मी दिलं. बऱ्या व्हायला त्यांना वर्ष लागलं. ते सबंध वर्ष मी रोज त्यांच्या पापण्या खाली ओढून आतला रंग बघत असे आणि मनात म्हणत असे, उद्या सांगू, उद्या आग्रह करू. केला नाही.

धरणगावच्या मुलीला मार्गशीर्षात मुलगी झाली. चणीने लहान, पण रडणं खणखणीत. बाळंतपण मीच केलं. दवाखान्यात तिची गोष्ट पसरली आणि लोक पुन्हा विचारायला लागले, बाई, ती कोणती शँपेन? मी म्हणायचे, कोरडी, लहान बाटली, बर्फात. पुढे दारूबंदी आली, पारशी दुकानदार मुंबईला मुलाकडे निघून गेला, आणि विचारणारेही थांबले.

बऱ्याच वर्षांनी, डॉक्टर काम सोडून घरी बसले होते तेव्हा, मी एकदा त्यांना भेटायला गेले. बोलता बोलता विचारलं, ती मुलगी शँपेननेच वाचली ना? ते म्हणाले, "सांगता येणार नाही. असेलही. पण पाव तासाने अर्धा चमचा, बर्फाचा गारवा आणि तुम्ही शेजारी बसलेल्या, एवढ्यानेही थांबली असती कदाचित. कधीकधी त्या ओकाऱ्या आपल्या आपणही थांबतात."

मी घरी आले. वहिनी ओसरीवर सूत काततच होत्या. डॉक्टर कसे आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, थकलेत. बाकी काही सांगितलं नाही.