बॅटरीचं पाणी

मिस्त्रीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू झाला. उजव्या गुडघ्याची मनधरणी करण्यात पाच मिनिटं गेली. बायको चहात पाव बुडवून मऊ करत बसली होती. खालचे दात काढून तिला आठ महिने झाले होते. कवळीचं माप देऊन झालं होतं. पैसे या महिन्याच्या फिरती भत्त्यातून द्यायचे होते. आणि शेठचा नियम असा, की दुरुस्तीच्या तिसऱ्या फेरीतही गिऱ्हाइकाचं यंत्र बंदच राहिलं तर महिन्याचा भत्ता बुडाला. आज तिसरी फेरी होती.

“आज नीट बघा हो,” बायको म्हणाली.

“मग दोनदा काय डोळे मिटून बघत होतो?”

“गुडघ्याचं म्हणतेय मी.”

गिऱ्हाइकाचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. लिफ्ट साहेबलोकांसाठी. अकरा किलोची पिशवी घेऊन मिस्त्री चढला, दर मजल्यावर थांबला. कॅन्टीनच्या बाई वाटच बघत होत्या.

“या, जावईबापू. आता रोजच यायला लागलात.”

एस्प्रेसोचं मशीन लाल दिवा लावून मख्खपणे एकच दाखवत होतं: टाकी रिकामी. टाकी काठोकाठ भरलेली. पहिल्या फेरीत मिस्त्रीने नळीत साचलेला क्षार काढला होता, दुसऱ्या फेरीत पंप बदलला होता. आज त्याने सहा स्क्रू काढले, झाकण उतरवलं. टाकीखालची झडप पाहिली. मोकळी. नळी तोंडात धरून फुंकली. मोकळी. पाणी मोजणारी चकती बोटाने फिरवली. फिरली. दीड तास गुडघ्यावर बसून हाती काही लागेना. घाम कानामागून उतरत होता.

शेवटी त्याने टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. अगदी सपक.

“बाई, हे पाणी कुठलं?”

“चांगलं आहे की. पहिल्या वेळी तुम्हीच म्हणालात, क्षाराचं पाणी नको. दुकानदार म्हणाला, यात क्षाराचा कणही नाही. पंधरा बाटल्या आणल्या.”

कोपऱ्यात बाटल्या होत्या. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. टाकीच्या तळाशी दोन बारीक खिळे असतात. पाण्यातून एकाची वीज दुसऱ्यापर्यंत पोचली, की मशीनला कळतं पाणी आहे. इतक्या निर्मळ पाण्यातून ती पोचत नाही. नशीब, त्यामुळे एक कपही कोणाच्या पोटात गेला नव्हता. त्याने टाकी ओतली, धुतली, पिण्याचं गाळलेलं पाणी भरलं. लाल दिवा गेला. पंप घरघरला, कॉफीची धार लागली.

“साहेबांना माझं नाव सांगाल का?” बाईंचा आवाज उतरला होता.

त्याने हात पुसले. शेठला फोन लावला.

“चालू झालं. पाणी चुकीचं होतं.”

“चूक कोणाची लिहू?”

“माझी. क्षार नको म्हटलं, कुठलं पाणी घाला ते सांगितलं नाही.”

“मग भत्ता कापू?”

“नियम बंद यंत्राचा आहे, शेठ. यंत्र चालू आहे.”

“नियम बरे पाठ आहेत तुम्हाला,” शेठ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मिस्त्रीने सहा स्क्रू परत बसवले. बाईंनी पुढे केलेली कॉफी त्याने उभ्यानेच प्यायली; बसला असता तर गुडघ्याने उठू दिलं नसतं.

महिनाअखेर भत्ता पूर्ण आला. त्यातून बायकोचे खालचे चौदा दात आले.