रिकाम्या रथाचा घोडा

शाळेच्या फाटकाशी अकरा व्हॅन उभ्या राहायच्या. त्यातल्या सातव्या व्हॅनचे ड्रायव्हर म्हणजे व्हॅनकाका. खरं नाव परवान्यावर होतं, पण तेरा पोरांनी आणि त्यांच्या आयांनी त्यांना हेच नाव चिकटवलं होतं. माणूस कामाला चोख. हॉर्न दोनदाच वाजवायचे. तिसऱ्यांदा वाजला की समजावं, आज काकांचं डोकं फिरलंय. सीटखाली सापडलेला डबा कुणाचा, हे ते नुसतं झाकण बघून सांगत.

चार वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा होता. लांबच्या गावी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. हजर होऊन चार दिवस होतात न होतात तोच वसतिगृहातून फोन आला, पोरगा तापाने फणफणलाय, दवाखान्यात हलवलाय. आईबाप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, ताप बरेच दिवस अंगात असणार.

तिथल्या बाकावर बसून बायकोने विचारलं, "घरून निघाला तेव्हा बरा होता ना?" ती त्या दिवशी सकाळी सहालाच कामावर गेली होती. त्याला बसपर्यंत काकांनीच सोडलं होतं.

"ठणठणीत होता," काका म्हणाले. दहा वर्षांची धाकटी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. निदान काकांना तसं वाटलं.

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. बायको एका कारखान्यात बनियनच्या घड्या घालायची, काका व्हॅन हाकायचे आणि धाकटी त्यांच्याच व्हॅनमधून शाळेला जायची, मागच्या सीटवर खिडकीशी बसून. एकेकाळी तिच्या तोंडाला खळ नसायची. दादा गेल्यापासून ती शब्द मोजून बोलू लागली. पोर समजूतदार झाली, असं लोक म्हणायचे. काकाही तसंच धरून चालले.

ती नववीत गेली त्या वर्षी भाषेच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं. रामायण-महाभारतातला कुठलाही प्रसंग घ्यायचा आणि तिथे ज्याला तोंड उघडायला मिळालं नाही, त्याच्या तोंडून सांगायचा. पोरांना चेवच आला. एकाने कुंभकर्णाला उठवणाऱ्या ढोलवाल्याचा रजेचा अर्ज लिहिला: दोन्ही कान बसले आहेत, सबब महिनाभर सुट्टी मिळावी. एकीने लंकेतल्या एका शेजारणीकडून शेपटीच्या आगीबद्दल तक्रार नोंदवली. आठवडाभर व्हॅनमध्ये हाच कल्ला चालू होता. काका आरशातून बघून हसायचे. धाकटीने काय लिहिलं, ते तिने सांगितलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही.

एके दुपारी, शाळा सुटायला वीस मिनिटं असताना बाई स्वतः फाटकाशी आल्या. त्यांच्या हातात धाकटीची वही बघून काकांनी घाईने काच खाली केली.

"काही केलं का हो तिने?"

"छे. फार सुंदर लिहिलंय. शाळेच्या हस्तलिखितात घ्यायचंय मला. पण तिने वर लिहिलंय, आधी बाबांना वाचायला द्या. म्हणून आले." बाई जरा घुटमळल्या. "मूळ कथेत नाही अशी एक गोष्ट तिने घातलीय. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तर म्हणाली, घोड्याने ऐकलं होतं."

बाई गेल्यावर काकांनी वही स्टिअरिंगला टेकवून उघडली. राम, लक्ष्मण आणि सीतेला नदीकाठी उतरवून सुमंत्र सारथी रिकामा रथ घेऊन माघारी येतो, तो प्रसंग होता. सांगत होता रथाचा उजवीकडचा घोडा.

'सगळे म्हणतात, घोड्यांना राम सोडवत नव्हता म्हणून त्यांचे पाय उचलत नव्हते. माझं कारण वेगळं होतं. निघताना धाकटा राजपुत्र सारथ्याला म्हणाला, अंग मोडून आलंय, आज नको, उद्या जाऊ. सारथी म्हणाला, घोडे जुंपलेत, आता नाटकं नकोत. राजपुत्र गप्प बसला. हे मी ऐकलं. परत आल्यावर राणीने विचारलं, माझा मुलगा बरा होता ना? सारथी म्हणाला, ठणठणीत होता. हेही मी ऐकलं. मला बोलता येत नाही. सारथी रोज माझी पाठ थोपटतो, मला वेळेवर चारा घालतो. पण त्याला वाटतं, रथ तो एकटाच ओढतोय.'

पुढची दोन पानं काकांना वाचता आली नाहीत. अक्षरं टपोरी होती, तरी दिसेनात.

ती सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. थोरला पांघरूण घेऊन पडून होता. म्हणाला, बाबा, अंग मोडून आलंय, उद्या जातो. काकांना वाटलं, पोरगं कच खातंय. ते म्हणाले, नोकरी सुरू व्हायच्या आधीच दांड्या? ऊठ, नाटकं नकोत. तो उठला. धाकटीची शाळा तेव्हा दुपारची असायची, म्हणून तीही व्हॅनमध्ये बसली होती.

घंटा झाली. पोरं दप्तरांसकट आत घुसली, धाकटी मागे जाऊन बसली. काकांनी वही शेजारी ठेवून गाडी काढली. तिसऱ्या वळणावर एक चिमुरडा म्हणाला, "काका, माझं घर मागे राहिलं." काकांनी गाडी मागे घेतली. सगळ्यांना सोडून झाल्यावर ते घराकडे वळले नाहीत. बंद दुकानासमोर त्यांनी व्हॅन थांबवली.

"तू त्या दिवशी दवाखान्यात जागी होतीस?"

"हो."

"आणि गाडीत?"

"दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. खूप गरम होतं, बाबा." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी फिरवली असती का?"

हो म्हणावं तर पोरीच्या माथी दोष जात होता, नाही म्हणावं तर काका स्वतःला बाप म्हणवायच्या लायकीचे उरत नव्हते.

"त्याने स्वतः सांगितलं, तरी मी फिरवली नाही," ते शेवटी म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"मग आईला सांगा. मला तिच्यासमोर जेवायला बसवत नाही."

संध्याकाळी बायको कामावरून आली, हातपाय धुऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. कारखान्यात दिवसभर तेच करून घरीही तेच, असं ती एरवी गमतीने म्हणायची. काकांनी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मध्येच तिचे हात थांबले.

"ताप किती होता?"

"हात लावून बघितला नाही."

तिने हातातला कपडा बाजूला ठेवला. "चार वर्षं मी त्या वसतिगृहाच्या माणसाला तळतळाट देतेय," ती म्हणाली. "त्याने लक्ष दिलं नाही म्हणून. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात." मग दाराशी उभ्या धाकटीकडे वळून तिने विचारलं, "आणि तू हे पोटात घेऊन शाळेत जात होतीस?"

धाकटी रडायला लागली. चार वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी बायको तिला घेऊन बहिणीकडे गेली. दोन महिने काका रोज सकाळी मेव्हणीच्या दारात व्हॅन उभी करायचे. धाकटी बाहेर यायची. बायको दारापर्यंत यायची, पोरीचा डबा तिच्या हातात द्यायची आणि काकांकडे न बघता आत वळायची. काकांनी कधी हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपण गमावलाय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

हस्तलिखितात गोष्ट आली नाही. धाकटीनेच बाईंना नको म्हणून सांगितलं. "ज्यांनी वाचायची होती, त्यांनी वाचली," एवढंच ती म्हणाली आणि बाईंनीही जास्त खोदून विचारलं नाही.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा बायको पिशव्या घेऊन परतली. "हिला इथून शाळा जवळ पडते," ती म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजवर म्हणालेली नाही. मात्र थोरल्याविषयी विचारू लागली. भाजी निवडता निवडता, मध्येच. शर्ट कुठला घातला होता? वाटेत काही खाल्लं का? काका आठवेल तेवढं सांगायचे. कधीकधी ती अर्ध्यातूनच उठून जायची.

एका रविवारी तिने विचारलं, "बस सुटताना त्याने हात केला का?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "बस हलायच्या आधीच मी गाडी वळवली होती."

"केला," आतल्या खोलीतून धाकटी म्हणाली. "मी मागच्या काचेतून बघत होते."

बायकोने हातातली भाजी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि तिला बाहेर बोलावून शेजारी बसवलं.

"नीट सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."