काकांचं शिळं पाणी

चावीवाले काका पाणी प्यायच्या आधी त्याचा वास घेत. कुणाच्याही घरी जावोत, पेला हातात आला की आधी नाकाशी आणि मग ओठांशी. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा मला रागच आला होता. घासूनपुसून लख्ख केलेल्या पेल्यात मी पाणी दिलं होतं आणि हा मनुष्य ते हुंगत होता. माझा चेहरा बघून म्हणाले, "ताई, पेल्याचा नाही हो, पाण्याचा वास घेतोय. आज औषध जरा जास्त पडलंय." औषध म्हणजे क्लोरीन. ते गेल्यावर मीही हुंगून पाहिलं. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

पालिकेच्या पाणीखात्यात ते तीस-बत्तीस वर्षं चावीवाले होते. रस्त्यातलं झाकण उघडायचं, जवळजवळ पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत घालायची आणि ठरल्या वेळी एकेका वस्तीचं पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं, हे त्यांचं काम. कुर्ला, गोवंडी, मानखुर्द असा त्यांचा मुलूख. पाच मिनिटं जास्त पाणी सोडा म्हणून लोक चहा पाजायचे, गयावया करायचे, प्रसंगी शिव्याही द्यायचे. काका चहा प्यायचे आणि घड्याळ बघून चावी फिरवायचे. "एकाला पाच मिनिटं जास्त म्हणजे पुढच्याला पाच मिनिटं कमी," ते सांगत, "आणि पाणी काय माझ्या घरचं होतं?" स्वतःबद्दल फुशारकी मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मानखुर्दच्या एका खोलीत वाढलेली त्यांची मुलगी सुजाता दातांची डॉक्टर झाली, मुलुंडला तिचा दवाखाना आहे, हेसुद्धा मला दुसऱ्यांकडून कळलं. पण एक गोष्ट मात्र ते वॉचमनपासून कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत. मला तर किमान दहा वेळा ऐकवली असेल. "एवढ्या वर्षांत एकदाही चुकीची चावी फिरवली नाही, ताई. एकदाही नाही."

बायको गेल्यावर सुजाता त्यांना आपल्याकडे, आमच्या नाहूरच्या सोसायटीत घेऊन आली. आमच्याकडे एक 'जपानी उद्यान' होतं. बिल्डरच्या छापील पुस्तिकेत त्याचं पानभर चित्र होतं. एक लाल रंगाचा पूल, जो चार पावलांत संपायचा, एक दगडी दिवा, बांबूची दोन बेटं आणि दोन मोटारी मावतील एवढं तळं. जपान मी पाहिलेला नाही, पण बिल्डरनेही पाहिला नसावा. तळ्यात मात्र खरेखुरे कोई मासे होते, पांढऱ्यावर तांबडे डाग असलेले, नारिंगी, काळे, एक तर हळदीसारखा पिवळाधमक. पाणी कमी झालं की माळी नळी लावायचा आणि दर थोड्या दिवसांनी एखाददुसरा मासा उलटा तरंगायचा. आम्ही म्हणायचो, हवा मानवत नसेल बिचाऱ्यांना. काका राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि थेट माझं दार वाजवलं. "तुम्ही सेक्रेटरी ना? तुमचे मासे औषधाने मरतायत."

तेव्हापासून तळं त्यांच्याकडे गेलं. कुणी दिलं नाही, त्यांनी घेतलं. बांबूच्या मागे तीन निळे ड्रम आले. त्यात नळाचं पाणी भरायचं, वर जुन्या मच्छरदाणीची जाळी बांधायची, औषध उडून जाईपर्यंत दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग बादलीबादलीने तळ्यात सोडायचं. "माणसाला ताजं, माशाला शिळं," ते म्हणत. खरं सांगते, मला हे कधी मनापासून पटलंच नाही. रोज सकाळी कालचं पाणी ओतून देऊन ताजं भरणाऱ्या घरात मी वाढले. जे पाणी आपण पितो, त्याने मासा मरेल कसा? एकदा मी त्यांना चिडवलं, "काका, शिळ्या पाण्याचं एवढं कौतुक! आमच्या सासूबाईंनी तुम्हाला घरात घेतलं नसतं." बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. काका बौद्ध, वाशीमकडच्या खेड्यातून आलेले. ते हसले. "बऱ्याच सासूबाईंनी नाही घेतलं, ताई. पाणी मात्र सगळ्या माझ्याच हातचं प्यायल्या." मी खाली मान घालून उभी राहिले. ते जाळीची दोरी आवळत होते.

माशांना त्यांनी आपल्या मुलखातली नावं दिली होती. खाणं टाकल्यावर सगळ्यांना ढकलून पुढे घुसणारा तो कुर्ला. खाऊन झाल्यावरही तोंड वर करून मागत राहणारा तो गोवंडी. आणि अंगाने लहान, पांढरीशुभ्र, डोक्यावर एकच तांबडा ठिपका असलेली, सगळ्यांच्या मागे राहणारी ती मानखुर्द. "ही लाईनच्या टोकाला आहे," काका म्हणायचे, "हिच्यापर्यंत पोचेस्तोवर संपून जातं." म्हणून सगळ्यांचं झालं की पुलाच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून ते तिला वेगळं खायला घालत. ती त्यांच्या बोटांना तोंड लावायची. चौदा मासे होते आणि त्यांच्या हाताखाली तीन वर्षांत एकही दगावला नव्हता. मुलं त्यांना फिशवाले आजोबा म्हणत.

मग काकांच्या छातीत दुखायला लागलं. पावसाळा संपता संपता बायपास ठरली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे सगळं लिहून आणून दिलं. खाणं दोनदा, मुठीएवढंच. पाणी फक्त ड्रममधलं, दिवसाला सहा बादल्या. 'फक्त'खाली दोन रेघा मारलेल्या. "ताई, ऑपरेशनची भीती नाही मला," ते म्हणाले, "मी येईपर्यंत एवढं सांभाळा." मी म्हटलं, "काका, तुम्ही निर्धास्त जा. मी आहे ना." तो कागद मी फ्रिजवर चिकटवला.

दहा-बारा दिवस मी तळहातावरच्या फोडासारखं ते तळं जपलं. मग डासांची तपासणी करणारी माणसं आली. एका ड्रमवरची जाळी सरकली होती आणि आत अळ्या सापडल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. आजूबाजूला डेंग्यूचे रुग्ण होते. तिन्ही ड्रम त्यांनी माझ्यासमोर उपडे केले. ते मी पुन्हा भरून ठेवायला हवे होते. आज भरू, उद्या भरू करत राहून गेलं. ऑक्टोबरचं ऊन होतं, पाणी वीतभर खाली गेलं, हिरवं झालं. अशात सुजाताचा फोन आला की बाबांना गुरुवारी घरी सोडतायत. बुधवारी संध्याकाळी मी माळ्याला बोलावून म्हटलं, हे घाण पाणी अर्धं काढून टाक आणि नळी लाव. तो घुटमळला. "काकाजी तो ड्रमवाला ही डालने को बोलते हैं." मी म्हटलं, "अरे, पीने का पानी है, चांगलं स्वच्छ. एक दिन में क्या होता है?" मला वाटलं होतं, काका येतील, तळ्याचा तळ दिसेल इतकं नितळ पाणी बघतील आणि म्हणतील, वा ताई! मला शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

सकाळी पाणी खरंच नितळ होतं. तळ अगदी स्वच्छ दिसत होता. अकरा मासे वर तरंगत होते. उरलेले तीन पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते.

काका दुपारी आले. लिफ्टकडे न जाता सुजाताच्या खांद्यावर हात टेकत सरळ तळ्याकडे आले. माळ्याने मेलेले मासे एका ताडपत्रीवर ओळीने ठेवले होते. शाळेतून आलेली दोन-तीन पोरं रडत होती. आमचे चेअरमन तापलेले होते. "हे केलं कुणी, ते मला कळलंच पाहिजे. माळी तोंड उघडत नाही. मॅडम, तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्हाला ठाऊक असेल ना?" माळी जमिनीकडे बघत होता. मीही. काकांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "मानखुर्द?" मी ताडपत्रीकडे पाहिलं. मग सुजाता नको नको म्हणत असताना ते वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं आणि परत एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, मीच फोन केला होता माळ्याला," ते चेअरमनना म्हणाले. "नळी लाव म्हणून मीच सांगितलं. औषधाच्या गुंगीत होतो. चूक माझी आहे."

सुजाताने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी तिथेच उभी होते, चार हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. सुजाता दवाखान्यात गेली होती. मी रडत रडत विचारलं, "काका, असं का केलंत?" ते छातीवर उशी धरून बसले होते, खोकला आला की टाके दुखत म्हणून. म्हणाले, "माळ्याची नोकरी गेली असती. तुम्हाला या लोकांत मीटिंगा घ्यायच्यात. माझं काय, मी रिटायर माणूस." मग म्हणाले, "तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, ताई. मी खोडून काढणार नाही." मी म्हटलं, सांगते. पुढच्याच मीटिंगला सांगते.

पुढच्या मीटिंगला ठराव झाला की तळं बुजवायचं आणि उरलेले मासे कुणाच्या तरी बंगल्यावर पाठवून द्यायचे. मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं माझं काम. चेअरमन सांगत होते आणि मी लिहीत होते : 'देखभाल करणाऱ्या रहिवाशाने दिलेल्या चुकीच्या सूचनेमुळे मासे दगावले.' माझं अक्षर चांगलं आहे, सगळे वाखाणतात. ते वाक्य आजही सोसायटीच्या वहीत माझ्या सुवाच्य अक्षरात आहे आणि खाली माझी सही आहे.

तळ्याच्या जागी आता प्लॅस्टिकची हिरवळ आहे. लाल पूल तेवढा ठेवलाय, फोटो काढायला. काका नंतर त्या बाजूला फिरकले नाहीत. सकाळी मागच्या गेटने रस्त्यावर जाऊन फिरून यायचे. एकदा एका छोट्या मुलीने त्यांना लिफ्टमध्ये विचारलं, "आजोबा, तुमचे फिश का मेले?" मीही त्याच लिफ्टमध्ये होते. काका म्हणाले, "माझं चुकलं, बाळा." मी आकडे बदलताना बघत राहिले. सात, आठ, नऊ. चुकीची चावी कधी फिरवली नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. रोज ठरवायचे की आज सांगू. आधी दिवाळी होऊ दे म्हटलं, मग त्यांची तब्येत सुधारू दे म्हटलं, मग आता कशाला जुनं उकरायचं, असं वाटायला लागलं. ते भेटले की नेहमीसारखे हसून "काय ताई?" म्हणायचे. एकदाही त्यांनी विषय काढला नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी सुजाता चहा घेऊन उठवायला गेली, तेव्हा ते गेलेले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्याच हॉलमध्ये झाला. भन्तेजींनी वंदना घेतली. मग एकेक जण बोलायला उठला. पाणीखात्यातले त्यांचे जुने सोबती बोलले, आमचे चेअरमन बोलले. म्हणाले, "माणूस देव होता, ते माशांचं तेवढं सोडा." लोक समजुतीने हसले. शेवटी सुजाता उभी राहिली. "बाबांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली," ती म्हणाली, "आणि ती इथे झाली. ती त्यांनी मनाला फार लावून घेतली होती. त्यांच्या वतीने मी तुम्हा सगळ्यांची माफी मागते." तिने हात जोडले.

तेव्हा मी उठले. म्हटलं, "पाणी मी सोडायला सांगितलं होतं. काकांनी कुणालाही फोन केला नव्हता. त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, तरी मी सोडलं. त्यांची काही चूक नव्हती." चेअरमन म्हणाले, "बसा मॅडम, बसा. आता त्याचं काय? मासेच तर होते." कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

लोक पांगल्यावर मी दाराशी चपला शोधत होते, तेव्हा सुजाता माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्यांच्यावर फार ओरडले होते. टाके ओले होते हो त्यांचे. जन्मभर पाण्याचं काम केलंत आणि एवढंही कळलं नाही तुम्हाला, असं बोलले मी त्यांना."

त्यावर काका तिला काय म्हणाले, ते तिने सांगितलं नाही. विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.